मदत हवी आहे : १९७३ची प्रीमियर प्रेसिडेंट, पुराच्या गाळाने आतून सडलेला फूटबोर्ड घरी बदलता येईल का?

वाशिष्ठीकाठ

नमस्कार मंडळी,

चिपळूणला आमच्याकडे बाबांची १९७३ची प्रीमियर प्रेसिडेंट आहे. १९७४पासून हीच गाडी पद्मिनी नावाने विकली गेली, त्यामुळे पद्मिनीवर हात चालवलेल्या सगळ्यांनी कृपया वाचा. २२ जुलै २०२१च्या महापुरात गाडी शेडमध्ये उभी होती, पाणी सीटच्या वर चढलं. त्यानंतर इंजिन उघडून झालं, ब्रेकच्या नळ्या नव्या टाकल्या, वायरिंग पुन्हा ओढलं. गाडी चालू होते आणि नीट चालते. राहिली आहे बॉडी, आणि माझा प्रश्न तिच्यापुरताच आहे.

दिवाळीनंतर आतलं मॅटिंग आणि त्याखालचा डांबरी थर खरवडून काढला. ड्रायव्हरच्या टाचेखाली तळहाताएवढं भोक आहे. त्याच्या कडेचा पत्रा स्क्रूड्रायव्हर टेकवला तरी आत जातो. शेजारच्या सीटखालचा फ्लोअर बरा आहे, गंज वरवरचा आहे, ठोकल्यावर खणखणीत वाजतो. डिकीच्या तळाला स्टेपनीच्या खळग्यात चाळणी झाली आहे. चारही दरवाज्यांच्या खालच्या कडा फुगल्या आहेत. मागच्या पाट्याचा (लीफ स्प्रिंगचा) पुढचा हँगर जिथे बॉडीला धरतो तिथे पापुद्रे निघतात, पण त्याखाली पत्रा घट्ट लागतो.

खरी काळजी उजव्या फूटबोर्डाची, म्हणजे दरवाज्याखालच्या लांब पोकळ पेटीची आहे. बाहेरून रंग बरा दिसतो. खालच्या पाण्याच्या भोकातून तार घातली तर अजून वाळलेला गाळ पावडरसारखा गळतो. त्या बाजूला जॅक लावला की जॅकचं डोकं आत दबतं आणि गाडी थोडी उचलली गेल्यावर ड्रायव्हरचा दरवाजा मागच्या खांबाला घासतो. या गाडीला वेगळी चॅसिस नाही, बॉडी हाच सांगाडा आहे, हे मला माहीत आहे. म्हणूनच भीती वाटते.

इथल्या एका गॅरेजात सांगितलं, जुन्या पत्र्यावर नवा पत्रा ठेवून रिवेट मारू, वरून फायबर आणि लांबी (पुट्टी), रंग मारला की कळणारही नाही. मला न कळण्यासाठी काम करायचं नाही. बाबा ७६ वर्षांचे आहेत, त्यांना या गाडीतून गुहागरला जायचं आहे, आणि ती गाडी रस्त्यावर आमच्या माणसांना सांभाळेल अशी हवी आहे.

माझ्या मावसभावाचं ग्रिल-गेटचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. त्याच्याकडे आर्क वेल्डिंग तर आहेच, आता सीओटू (गॅसवर चालणारं वेल्डिंग) मशीनही आहे, हात चांगला आहे, पण गाडीचा पातळ पत्रा त्याने कधी जोडलेला नाही. माझ्याकडे ग्राइंडर, कटोरी ब्रश, गाडी टेकवायला चार मजबूत घोड्या आणि पक्की शेड आहे. सरळ विचारते:

फूटबोर्ड घरी कापून बदलणं शहाणपणाचं आहे का, आणि असेल तर गाडी वाकू नये म्हणून आधी काय करायचं? पत्रा कोणत्या गेजचा? जिथे भोक नाही तिथला गंज कशाने मारायचा? बाजारात दर दुकानदार वेगळी बाटली दाखवतो. आणि जूनच्या आत रंगापर्यंत पोचायचं असेल तर कामाचा क्रम कसा लावू?

जुनी_फियाट

ताई, आधी एक काम करा. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर जिथे ठोकलेले आहेत तिथे ग्राइंडर अजिबात नेऊ नका. त्या जागेला टेप लावून टाका आणि आत्ताच्या अवस्थेत स्वच्छ फोटो काढा. गाडीला पन्नास वर्षं उलटली आहेत, म्हणजे २०२१च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणीचा विचार करता येईल. नव्या नोंदणीला २०,००० रुपये फी आहे. पण तिथे अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार नको. तेव्हा कापण्याआधी, कापल्यावर आणि जोडल्यावर प्रत्येक टप्प्याचे फोटो ठेवा. आणि तशी नोंदणी केलीत तर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, हे बाबांशी आधी बोलून घ्या.

पत्राकाम_भोसरी

ताई, मी पत्राकामातला माणूस, तेव्हा सविस्तर लिहितो.

जॅक लावल्यावर दरवाजा घासतो म्हणालात, त्यातच उत्तर आहे. त्या बाजूचा फूटबोर्ड आता भार घेत नाही. त्यावर रिवेट आणि फायबर म्हणजे नुसती झाकणी. दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी बसतं आणि दोन पावसाळ्यांत शेजारचा चांगला पत्राही जातो. लांबीचंही तेच, ती पाणी शोषते. लांबी ही चांगल्या पत्र्यावरचा खोलगटपणा भरायला असते, भोक बुजवायला नाही. तुम्ही नाही म्हणालात ते बरोबर केलंत.

घरी करता येईल, पण क्रम चुकवू नका. आजपासून त्या बाजूला मधोमध जॅक बंद. गाडी उचलायची ती पुढे सस्पेन्शनच्या क्रॉसमेंबरखालून आणि मागे ॲक्सलखालून. घोड्याही तिथेच, म्हणजे बॉडीवर चाकांवर उभी असताना येतो तसाच भार येईल. जमीन सपाट हवी, शेडची फरशी उतरती असेल तर पाचर मारून पातळी काढा.

मग दरवाजे जागेवर ठेवून चारही बाजूंच्या फटी मोजा आणि लिहून ठेवा. दरवाजा उघडून चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. डाव्या बाजूशी ताडून बघा. डावीकडचे आकडे नीट असतील तर तेच तुमचं माप. आता चौकटीत पुढच्या खांबापासून मधल्या खांबापर्यंत चौकोनी पाइप आडवा आणि एक तिरका, वेल्डिंगचे टाके मारून पक्का करा. गाडीच्या आत उजव्या खांबापासून डाव्या खांबापर्यंतही एक. हे झाल्याशिवाय कटिंग व्हील हातात घ्यायचं नाही. एकदा फूटबोर्ड कापला आणि बॉडी चार मिलिमीटर बसली, की दरवाजा कधीच नीट लागत नाही.

दोन्ही बाजू एकदम उघडू नका. उजवीकडेही आधी बाहेरचा पत्रा फक्त, तोही वरच्या कडेखाली बोटभर सोडून. मग आतली पट्टी दिसेल. ती किती शिल्लक आहे यावर पुढचं ठरतं. गाळ सगळा खरवडून, हवेने उडवून, नळाच्या गोड्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळू द्या. ओल्या गाळावर वेल्डिंग करून पेटी बंद केली तर सगळं वाया.

पत्रा सीआरसीए (थंड लाटलेला, जस्त नसलेला) घ्या. फ्लोअरला २० गेज, म्हणजे ०.९ मिलिमीटर. फूटबोर्डाला १८ गेज, १.२. तरीही आपल्या गाडीचा न सडलेला तुकडा व्हर्निअरने मोजा आणि त्याच्याशी जुळवा. फार जाड पत्रा लावला तर शेजारचा पातळ पत्रा जळतो. घरावरचा उरलेला जीआय (जस्त चढवलेला) पत्रा कृपा करून वापरू नका. जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री ताप भरतो, आणि टाकाही सच्छिद्र होतो.

भावाला सांगा, गेट जोडतो तसं सलग ओढायचं नाही. आर्क यासाठी नकोच, भोकं पडतील. सीओटूला ०.८ची वायर, आणि मिळाली तर आर्गन-सीओटूची मिश्र टाकी, पातळ पत्र्याला ती मऊ जाते. एक टाका, मग हातभर दूर दुसरा, मग मधे, असं उड्या मारत जायचं, प्रत्येक वेळी हाताने गरमपणा बघायचा. पत्रा तापून लाटा पडल्या की त्या काढायला वेल्डिंगपेक्षा जास्त वेळ जातो. आधी त्याच गेजच्या भंगार तुकड्यांवर सराव. जोडलेला तुकडा व्हाइसमध्ये धरून वाकवा. टाका सुटला तर गाडीला हात लावायची वेळ आलेली नाही. शेजारचा पत्रा फाटला आणि टाका टिकला, तर हात बसला.

आणि पेट्रोलची टाकी काढून शेडच्या बाहेर. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा जास्त घातक असते, कारण आत वाफ असते. बॅटरीचे दोन्ही टोक काढा. डांबरी थर, फोम, कापड, वायरिंगचा झुपका त्या भागातून हलवा. एक माणूस नुसता पाण्याची बादली आणि अग्निशामक घेऊन उभा राहू दे, वेल्डिंग थांबल्यावरही अर्धा तास.

पंचगंगा

सुट्या भागांसाठी आमच्या कोल्हापूरकडचा उपाय सांगतो. साखर कारखान्याची मळी मिळाली तर एक भाग मळी आणि नऊ भाग पाणी, प्लास्टिकच्या पिंपात. बिजागऱ्या, ब्रॅकेट, बंपरचे आतले कंस त्यात दोन-तीन आठवडे बुडवून ठेवा. गंज सुटतो, चांगल्या लोखंडाला फारसं काही होत नाही. वास येतो, पिंप घरापासून लांब ठेवा. ॲल्युमिनियम किंवा जस्ताचं काही त्यात टाकू नका, ते खाल्लं जातं. बाहेर काढल्यावर लगेच धुऊन, वाळवून प्राइमर, नाहीतर तासाभरात पुन्हा लाली येते.

बॅटरीचा चार्जर आणि धुण्याच्या सोड्याचं पाणी वापरूनही होतं, भाग ऋण टोकाला आणि भंगार लोखंड धन टोकाला. पण धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीच नको, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. हायड्रोजन सुटतो, तेव्हा उघड्यावर करा. स्प्रिंग आणि सस्पेन्शनचे कडक बोल्ट यात टाकू नका, पोलाद ठिसूळ होतं.

वाशिष्ठीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. भोसरीच्या दादांनी लिहिलेलं प्रिंट काढून शेडमध्ये लावलं आहे.

फटी मोजल्या. डाव्या बाजूला दरवाज्याची फट वरपासून खालपर्यंत ५ मिलिमीटर, एकसारखी. उजव्या बाजूला वर ३ आणि खाली ७. म्हणजे बॉडी आधीच थोडी बसली आहे असं समजू का? आणि तसं असेल तर आहे त्याच स्थितीत पाइप जोडायचे, की आधी फट सरळ करून?

आणि बाटल्यांचं अजून कुणी सांगितलं नाही.

पत्राकाम_भोसरी

आधी बिजागऱ्या बघा. दरवाजा अर्धा उघडून टोकाला धरून वर उचला. खडखड हलला तर पिना झिजल्या आहेत आणि फटीतला फरक तिथूनही येतो. नव्या पिना, बुश टाकून पुन्हा मोजा. त्यानंतरही कर्णात फरक राहिला तर मात्र बॉडी बसली आहे. मग एवढ्या कामापुरतंच मधल्या खांबाच्या तळाशी लाकडी ठोकळा ठेवून जॅकने अगदी हळू उचलायचं. फट डावीसारखी झाली की थांबायचं आणि त्याच स्थितीत पाइप पक्के करायचे. वाकड्या बॉडीला आधार दिला तर तो वाकडेपणाच कायम होतो.

बर्मिंगहॅमकर

मी इथे मॉरिस मायनरवर काम करतो, तिलाही वेगळी चॅसिस नाही. इंग्लंडच्या वार्षिक तपासणीत एक नियम आहे, तो तुम्हाला उपयोगी पडेल. सस्पेन्शन, स्टिअरिंग, सीटबेल्ट जिथे बॉडीला धरतात तिथून ३० सेंटिमीटरच्या आत सडलेला पत्रा असेल तर गाडी नापास होते, आणि तिथली दुरुस्ती कडेने सलग वेल्ड केलेली लागते. मूळ कारखान्याचे स्पॉट वेल्ड असतील तिथेच तसे चालतात. रिवेट, पितळी जोड, फायबर यांतलं काहीच धरत नाहीत.

तुमच्या पाट्याच्या हँगरला हाच नियम लावा. पापुद्रे पूर्ण काढून, हातोडीच्या टोकदार बाजूने ३० सेंटिमीटरच्या घेऱ्यात सगळीकडे ठोका. एका जागी जरी पत्रा दबला, तरी ते काम घरी करू नका. ते ट्रक-बसच्या बॉडीचं काम करणाऱ्या जाणत्या माणसाकडे द्या. फ्लोअर आणि फूटबोर्डात चूक झाली तर पुन्हा कापता येतं. हँगर चालत्या गाडीत सुटला तर मागचा ॲक्सल वाकडा होतो.

जुनी_फियाट

बाटल्यांचं मी सांगतो. बहुतेकांत फॉस्फोरिक ॲसिड असतं, काहींत टॅनिन. दोन्ही गंजाला काळ्या-करड्या टणक थरात बदलतात. पण जितका गंज ओला होतो तितकाच बदलतो. पापुद्र्यांवर ओतलं तर वरचा पापुद्रा काळा होतो आणि खालचा गंज आपलं काम करत राहतो. म्हणून आधी कटोरी ब्रशने चमक येईपर्यंत घासा, आणि खड्ड्यांत ठिपके उरतील तेवढ्यांनाच बाटली. ॲसिडवालं असेल तर डब्यावर लिहिल्याप्रमाणे धुऊन काढा, कारण ॲसिड उरलं तर वरचा एपॉक्सी प्राइमर धरत नाही.

सँडब्लास्टिंगचं कुणी सुचवलं तर चाकं आणि ॲक्सलपुरतं ठीक. बॉनेट, छत, दरवाज्याचे मोठे सपाट पत्रे त्याखाली देऊ नका, ते फुगून वाकतात.

क्रमाबद्दल. जानेवारी-फेब्रुवारीत कापणं-जोडणं, मार्चमध्ये एपॉक्सी प्राइमर आणि सांध्यांवर सीलर, एप्रिल-मेमध्ये रंग. चिपळूणच्या हवेत उघडा पत्रा रात्रभर ठेवू नका. जेवढा भाग घासाल तेवढा त्याच दिवशी प्राइमरखाली गेला पाहिजे. सकाळी दव असतं, तेव्हा अकरा ते चारच्या दरम्यान मारा. हवेत दमटपणा ८५ टक्क्यांच्या वर असेल तर डबा उघडू नका. नुसतं रेड ऑक्साइड पुरेसं नाही, ते पाणी आत झिरपू देतं.

सगळं वेल्डिंग आणि रंग संपल्यावर फूटबोर्डाच्या आत मेण मारायचं, लांब नळीचा कॅव्हिटी वॅक्स मिळतो. वेल्डिंगच्या आचेने आतला प्राइमर जळालेला असतो आणि तिथे ब्रश पोचत नाही, त्यामुळे हे टाळण्यासारखं नाही. मेण पेट घेतं, म्हणून त्याच्या आधी वेल्डिंग शंभर टक्के संपलेलं हवं. जळकं ऑइल ओतायची पद्धत आहे आपल्याकडे, पण त्यात इंजिनातलं ॲसिड असतं आणि रबरी बुश फुगतात. नको. मेणानंतर पाण्याची भोकं खराट्याच्या हिराने मोकळी करा, दरवाज्यांच्या तळाचीही.

वाशिष्ठीकाठ

बिजागऱ्या तपासल्या. वरची पीन झिजली आहे, दरवाजा हलतो. बदलून पुन्हा मोजल्यावर वर ४ आणि खाली ६ आलं, म्हणजे थोडं बसणं खरंच आहे. कर्णातही डाव्या-उजव्याचा फरक २ मिलिमीटर.

हँगरभोवती सगळीकडे ठोकलं. वरच्या बाजूला सीटखाली एका ठिकाणी, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत पत्रा दबला. हँगरपासून अंतर १८ सेंटिमीटर. बर्मिंगहॅमकरांनी सांगितलेल्या घेऱ्यात ते येतं, त्यामुळे तो भाग आम्ही घरी करणार नाही. खेर्डी एमआयडीसीत किंवा कराड-सांगलीकडे बस-ट्रकच्या बॉडीचं असं काम नीट करणारं कुणी माहीत असेल तर कृपया मला व्यक्तिगत निरोप करा. गाडी चालवत न नेता उचलून नेऊ.

भावाने भंगार दरवाज्याच्या पत्र्यावर सराव सुरू केला आहे. पहिले तुकडे वाकवल्यावर टाके सुटले. वायर ०.८ची लावून करंट जुळवल्यावर पत्रा फाटायला लागला, टाका राहिला. तरी फ्लोअरचा तुकडा आधी लावू आणि फूटबोर्ड हँगरचं काम होऊन गाडी परत आल्यावरच उघडू, असं ठरवलं आहे. दादा, हा क्रम बरोबर आहे ना?

पत्राकाम_भोसरी

हँगर आधी, हे बरोबर. पण फ्लोअरची फूटबोर्डाला लागणारी कड आत्ता जोडू नका. तेवढी चार बोटं टाके मारून ठेवा. फूटबोर्डाचा आतला पत्रा बसल्यावर दोन्ही एकत्र बंद करा, नाहीतर तीच कड पुन्हा कापावी लागेल. आणि गाडी उचलून नेताना दरवाज्यांतले पाइप आधी लावा. वाहून नेणाऱ्या ट्रकवर चढवताना, बांधताना बॉडीला पीळ बसतो. दोर चाकांना बांधायचे, फूटबोर्डाच्या खालून एकही नाही.