खुब्याच्या ऑपरेशननंतर रक्ताच्या गुठळीचं इंजेक्शन किती दिवस घ्यायचं?

सिडकोची_सून:
नमस्कार मंडळी. माझ्या सासूबाई, वय ७८, बाथरूममध्ये घसरल्या आणि डाव्या खुब्याचं हाड मोडलं. बायपोलर केलंय, म्हणजे बॉल बदललाय. ऑपरेशन छान झालं, दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभं केलं. दवाखान्यात रोज पोटात एनोक्साप्रिन ४० चं इंजेक्शन द्यायचे, रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून. डिस्चार्जच्या कागदावर पण ते आहे पण किती दिवस ते अक्षरच लागत नाही, मेडिकलवाल्याने दिलेल्या सुया काल संपल्या. आता त्याच पायाची पोटरी सुजलीये, संध्याकाळी जास्त. नणंद म्हणते ऑपरेशनची सूज आहे उतरेल, शेजारच्या काकू म्हणतात तिळाचं तेल कोमट करून चोळा, मालीशवाल्या बाई उद्या येणार आहेत. इंजेक्शन बंद केलं तर चालेल का? आणि मालीश करू का?

फिजिओ_नाशिकरोड:
ताई, आधी मालीशवाल्या बाईंना फोन करून नको म्हणून सांगा, बाकीचं नंतर. पोटरीत गुठळी असेल आणि ती चोळली तर सुटून वर फुप्फुसात जाऊ शकते. गुठळी नाही हे तपासल्याशिवाय त्या पायाला चोळणं, दाबणं, शेकणं काही नको.
ऑपरेशनच्या पायाला सूज येतेच हे खरं आहे, म्हणूनच तर घरी बसून ठरवता येत नाही. दोन्ही पोटऱ्या टेपने एकाच उंचीवर मोजा, गुडघ्याच्या वाटीखाली हाडाचा उंचवटा लागतो त्याच्या साधारण १० सेंटीमीटर खाली. ३ सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक असेल, पोटरी कडक किंवा गरम लागत असेल, दाबल्यावर दुखत असेल तर तर थांबूच नका. पण फरक कमी आला म्हणूनही निश्चिंत राहू नका, पायाचं कलर डॉपलर करून घ्या. सोनोग्राफीसारखंच असतं, दुखत नाही. कोणी नुसती डी-डायमर (गुठळीच्या संशयात करतात ती रक्ताची तपासणी) करा म्हणालं तर ऑपरेशननंतर ती तशीही वाढलेलीच येते, त्यावरून काही कळत नाही.

ऑर्थो_रजिस्ट्रार:
मी पेशंट पाहिलेला नाही त्यामुळे शेवटचं तुमच्या सर्जनचंच ऐका. पण "किती दिवस" ला उत्तर आहे. खुब्याच्या फ्रॅक्चरनंतर गुठळीचा धोका टाके निघाले की संपत नाही, कित्येक आठवडे राहतो. अमेरिकेतल्या छातीविकार तज्ज्ञांच्या संस्थेच्या २०१२ च्या मार्गदर्शनात कमीत कमी १० ते १४ दिवस आणि शक्यतो ३५ दिवसांपर्यंत औषध द्यावं असं आहे, ब्रिटनमध्ये पण साधारण महिनाभर देतात. म्हणजे सुया संपल्या म्हणजे कोर्स संपला असं धरू नका, आजच दवाखान्यात फोन करून तारीख विचारा.
आता कोणीतरी सांगेलच की इंजेक्शन कशाला, ऍस्पिरिनची गोळी पुरते. २०२३ ला मोठा अभ्यास आलाय, १२ हजारांवर फ्रॅक्चरचे पेशंट, त्यात ऍस्पिरिनवाल्यांचे मृत्यू इंजेक्शनवाल्यांपेक्षा जास्त नव्हते, पायातल्या गुठळ्या मात्र थोड्या जास्त होत्या. पण त्या पेशंटचं सरासरी वय ४५ च्या आसपास होतं! ७८ च्या आजींना तो निकाल जसाच्या तसा लावता येणार नाही, बदल करायचा तर सर्जननेच करावा.
आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, बघितलंय का? वजन कमी असलेल्या म्हाताऱ्या माणसात रिपोर्टवर आकडा नॉर्मल दिसतो आणि किडनी कमजोर असते. हे इंजेक्शन किडनीवाटे बाहेर पडतं, मग डोस कमी करावा लागतो नाहीतर रक्तस्राव होतो. त्याच कारणाने दुखतंय म्हणून मेडिकलमधून पेनकिलर आपल्या मनाने आणून देऊ नका.

पंचवटीकर:
वरच्या दोघांना दुजोरा, आणि एक सांगतो कारण आमच्या घरी झालंय. वडिलांचं पण खुब्याचंच होतं, त्यांना सळी टाकली होती. घरी आले, दिंडोरीहून पाहुणे भेटून गेले, सगळं सुरळीत. पायाला सूज नाही दुखणं नाही काही नाही. एकदा सकाळी चहा घ्यायला उठून बसले आणि वाक्य पूर्ण बोलता येईना, दोन शब्द की धाप, दोन शब्द की धाप, कपाळावर घाम. आईला वाटलं अशक्तपणा. १०८ ला फोन केला, सीटी केल्यावर फुप्फुसात गुठळी निघाली, आयसीयूत ठेवलं, वाचले. तेव्हा ताई फक्त पायाकडे बघत बसू नका. अचानक धाप, श्वास घेताना छातीत कळ, खोकल्यातून रक्त, चक्कर, यातलं एक जरी दिसलं तरी ओपीडी उघडायची वाट बघू नका, सरळ इमर्जन्सीला न्या. घरातल्या प्रत्येकाला हे माहीत पाहिजे, रात्री सोबत झोपणाऱ्या नातवाला सुद्धा.

सिडकोची_सून:
सगळ्यांचे मनापासून आभार. बाईंना नको सांगितलं आणि आजच डॉपलर करून आणलं, गुठळी नाहीये देवाच्या कृपेने. सर्जन म्हणाले ३५ दिवस पूर्ण करायचे, क्रिएटिनिन उद्या करतोय. आता इंजेक्शन घरीच हे देणार आहेत पण पोटावर काळंनिळं होतंय, चुकतंय का काही?

फिजिओ_नाशिकरोड:
बरं झालं ताई, खूप हायसं वाटलं. थोडं काळंनिळं होतंच. बेंबीपासून दोन इंच लांब, आज डावीकडे तर उद्या उजवीकडे. चामडीची घडी चिमटीत धरून सुई सरळ आत, औषध पूर्ण जाईपर्यंत चिमटी सोडायची नाही. कंपनीतूनच भरून आलेल्या सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढू नका, तो तसाच ठेवायचा असतो. नंतर कापसाने नुसतं दाबून धरा, चोळू नका. डाग पसरत चालला, हिरड्यातून रक्त आलं किंवा शी काळी झाली तर पुढचं इंजेक्शन द्यायच्या आधी सर्जनला फोन. आणि दिवसा जाग्या असताना तासातासाला दोन्ही पावलं वरखाली हलवायला लावा, खुर्चीत बसून पण जमतं.