समाजमंदिर संध्याकाळी कुणाचं, अभ्यासिकेचं की लेझीम-भजनाचं?

पूर्वभागकर

सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या गल्लीतल्या समाजमंदिराची डागडुजी संपत आली आणि आता तिथं सकाळी सहा ते रात्री अकरा अभ्यासिका करायची असं चाललंय. टेबलं खुर्च्या येणार, वायफाय येणार, मंडळाचं सामान म्हणजे लेझीम, ताशे, झांजा, भजनी मंडळाची पेटी सगळं पत्र्याच्या खोलीत हलवा म्हणायलेत. सह्या गोळा करणं सुरू आहे. मी सही केली नाही आणि करणार पण नाही, का ते इथं लिहितो.

अभ्यासाला माझा विरोध नाही. दिवसभर खुशाल अभ्यास करा. पण संध्याकाळी साडेसहा ते नऊ ती जागा गल्लीतल्या कलेला पाहिजे, बारा महिने पाहिजे, नुसती गणपतीच्या आधी महिनाभर नको. सोलापूरच्या गणपतीची मिरवणूक लेझीमसाठी ओळखली जाते, बाहेरगावचे लोक मुद्दाम बघायला येतात, आणि ती लेझीम काय आभाळातून पडत नाही, पोरगं आठ-नऊ वर्षांचं असताना मागच्या रांगेत उभं राहून 'आठ आवाज' या पहिल्या डावापासून शिकतं, मग बसके डाव, मग गिरक्या, मग कधीतरी पुढच्या रांगेत येतं. एकट्यानं घरात बसून हे येत नाही. चाळीस जणांचा पाय एका ठोक्यावर पडायला चाळीस जण एका जागी यायला लागतात. जागा गेली की सराव गेला, सराव गेला की मंडळाकडं वर्गणीचे पैसे तेवढे उरतात, आणि मग ते पैसे डीजेला जातात. आजूबाजूच्या किती मंडळांचं असं झालंय ते आपण सगळे बघतोय.

रामजोशी (१७६२-१८१२) सोलापूरचेच. वेदपाठी घरातलं पोर, पण धोंडी शाहिराच्या फडाचा नाद लागला आणि त्यातून मराठीतला एवढा मोठा लावणीकार झाला. पोराला घराजवळ कायतरी ऐकायला, बघायला मिळालं पाहिजे, माझं म्हणणं एवढंच आहे.

आयोगाची_पूर्व

दादा, तुमचं मनापासून आहे ते कळतं, पण माझं ऐका. आमचं घर दहा बाय बाराचं. आई खाली बसून विड्या वळते, धाकट्याचा मोबाईल चालू, शेजारी यंत्रमागाचा शेड आहे तो रात्री पण खडखडत असतो. खाजगी अभ्यासिकेची फी आम्हाला दर महिन्याला झेपत नाही, आणि झेपली तरी ती जेल रोडला, रात्री दहाला एकटीनं परत यायचं तर वडील पाठवत नाहीत. हे समाजमंदिर घरापासून चार घरं सोडून आहे. मला आणि माझ्यासारख्या गल्लीतल्या बाकीच्या मुलींना ही जागा म्हणजे शेवटची संधी आहे.

आणि "दिवसभर अभ्यास करा" म्हणताय, पण दिवसा कोण मोकळं असतं? निम्म्या मुली दुपारपर्यंत दुकानात नाहीतर कारखान्यात कामाला. अभ्यासाची वेळ संध्याकाळचीच आहे. लेझीम नाही खेळलं तर कुणाचं घर अडत नाही. माझी लोकसेवा आयोगाची परीक्षा गेली तर माझं लग्न लावतील. एवढा फरक आहे दोन्हीत.

पूर्वभागकर

ताई, तुमची अडचण खरी आहे, ती मी खोडत नाही. पण अडीच तास सोडून बाकीचे चौदा-पंधरा तास अभ्यासिकेचेच राहतायत की. आणि त्या अडीच तासासाठी शेजारची बालवाडीची खोली मोकळी असते, तिथं बसायची सोय मागू, मी स्वतः अर्ज लिहितो. उलटं मात्र होत नाही, लेझीम बालवाडीच्या खोलीत मावत नाही.

शांतता_पाहिजे

सगळ्यांनी आवाजाचं पण बघावं. नियम २००० सालापासून आहेत, रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५, रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद. हलगी-ताशा बंद खोलीत वाजला की ५५ च्या कितीतरी वर जातो. माझे वडील हार्टचे पेशंट आहेत, त्यांची खिडकी समाजमंदिराच्या बाजूला. गणपतीत दहा दिवस आम्ही काढतो, बारा महिने कोण काढणार? होम मैदानावर घ्या सराव.

कन्ना_चौक

होम मैदान आपल्याकडनं किती लांब आहे माहितीय का, आठ वर्षांचं पोर रोज संध्याकाळी कसं जाणार ते सांगा आधी.

हलगी_घुमते

दोन्ही बाजू वाचल्या. आता तिसरी ऐका, कारण आमच्याबद्दल कुणीच बोलत नाही.

माझे आजोबा, वडील, चुलते सगळे हलगी-ताशावाले. मिरवणूक, लग्न, वरात, मयत, सगळीकडं आम्ही वाजवतो. सीझन संपला की हमाली नाहीतर रंगकाम. मंडळं आम्हाला बोलवतात कधी? अनंत चतुर्दशीला. पैसे देताना घासाघीस. डीजेवाल्याला मात्र ॲडव्हान्स आधी. मग कला वाचवा म्हणताना कुणाची कला आणि कुणाचं पोट ते पण बोला.

पूर्वभागकर, तुमचं म्हणणं मला पटतं पण अर्धं. जागा मिळवाल, पण शिकवणार कोण? पावसाळ्यात कातडं सैल पडतं, हलगी शेकायची कशी, किती शेकायची, जास्त झाली तर फाटते, टिपरू कसं धरायचं, लेझीमचा डाव बदलताना ठोका कसा मोडायचा हे वडिलांच्या हातात आहे. आता सगळे फायबरचं पान लावतात, त्याला शेकायला लागत नाही पण तो घुमारा पण येत नाही. वडिलांना गुरुजी म्हणून बोलवा, दर महिन्याला मानधन द्या, पोरांच्या आईबापांसमोर खुर्ची द्या. फुकटात "जरा पोरांना दाखवा की काका" असं असेल तर अभ्यासिकाच करा, निदान माझी पुतणी तरी तिथं बसून शिकेल.

पूर्वभागकर

हे सगळ्यात महत्त्वाचं बोललात. मानधन पाहिजेच. आमच्या मंडळानं मागच्या वर्षी एका रात्रीच्या साउंडला जेवढे घातले तेवढ्यात एका शिकवणाऱ्याचं वर्षाचं मानधन निघून वर ताशे पण येतील, हिशेब मी मंडळाच्या बैठकीत मांडलाय. वडिलांना विचारून ठेवा.

पार्क_चौकातला_नट

नाटकवाल्यांची पण हीच रड आहे. हुतात्मा स्मृती मंदिरात प्रयोग करायचा तो एक दिवस, पण त्याच्या आधी दोन महिने तालीम कुठं करायची? आम्ही गच्चीवर केली, गोडाऊनमध्ये केली, एकदा मंगल कार्यालयात केली तर मध्येच साखरपुडा आला आणि उठावं लागलं. अतुल कुलकर्णी दिल्लीला एनएसडीत म्हणजे राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेले त्याच्या आधी सोलापुरात नाट्य आराधना या हौशी संस्थेत काम करत होते. गावात हौशी नाटक चालू होतं म्हणून तर एखाद्याला कळतं ना, की आपल्याला हे करायचंय. संध्याकाळचे अडीच तास कुणी एकट्या लेझीमनं पण धरू नयेत, वार वाटून घ्या.

उय्यालो

आम्ही घरात तेलुगू बोलतो, बाहेर मराठी. आज्जीला बतकम्माची, म्हणजे आमच्या बायकांच्या फुलांच्या सणाची गाणी पाठ होती, एक बाई ओळ म्हणणार आणि बाकीच्या उय्यालो उय्यालो म्हणत फुलांच्या भोवती फेर धरणार. आता नवरात्रात स्पीकरवर गाणी लावतात आणि पोरी त्याच्यावर टाळ्या वाजवतात. गाणारी बाई राहिलीच नाही. तीन म्हाताऱ्या आहेत आमच्याकडं ज्यांना अजून सगळं येतं, त्यांना बसवायला, पोरींना गोळा करायला घरात जागा नाही. मला लेझीमचं फार काही नाही, तालमीचं वातावरण तसंही पोरांचंच असतं, मुलींना मागं उभं करतात. पण बायकांना आठवड्यातली एक संध्याकाळ कुलूप उघडून मिळाली तर मी पूर्वभागकरांच्या बाजूनं सही गोळा करते. नाहीतर नाही.

निवृत्त_जॉबर

मी लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होतो. पाळी सुटल्यावर आमचं भजन असायचं, एकजण मृदंग, एकजण पेटी, कापड खात्यातले, सूत खात्यातले सगळे. जात-भाषा कुणी विचारत नव्हतं. गिरण्या बंद पडल्यावर पगार गेला ते सगळे सांगतात, पण संध्याकाळ पण गेली, ते कुणी सांगत नाही. माणसं घरात बसली, काही दारूत गेली. शाहीर अमर शेख बार्शीचे, तिथं गिरणीतच कामाला होते, आधी कामगारांच्या सभेत गायले आणि मग साऱ्या महाराष्ट्रानं ऐकलं. पोरींनो अभ्यास करा, नक्की करा, पण साहेब झाल्यावर पण संध्याकाळी माणसाला माणसात बसावं लागतं.

आयोगाची_पूर्व

आजोबा, तुमच्याविषयी आदर आहे. पण तुमची पाळी सुटायची, पगार हातात यायचा आणि मग भजन. आमची पाळी अजून सुरूच झाली नाही. आधी नोकरी मिळू द्या, मग मी पण गाते.

बालवाडीच्या खोलीचं बोलायचं तर तिथली बाकं गुडघ्याएवढी आहेत, आणि भिंत एकच आहे, हलगी वाजली की पुस्तकातलं अक्षर हलतं.

कुंभारीकडं_राहतो

तुम्ही निदान भांडायला तरी एक खोली आहे. आम्ही पूर्व भागातनं घरकुलात कुंभारीला गेलो, स्वतःचं घर झालं, चांगलं झालं. पण वेगवेगळ्या पेठेतली माणसं एका ओळीत, ओळख कुणाची नाही. पहिल्यांदा ओळख झाली ती लेझीम बसवली तेव्हा, रस्त्यावर, खांबाच्या उजेडात. समोरच्या घरातल्या माणसाचं नाव मला त्या दिवशी कळलं. म्हणून सांगतो, ती वेळ सोडू नका.

शांतता_पाहिजे

सातला सुरू आणि साडेआठला बंद, खिडक्या लावून, आणि आठवड्यातनं तीनच दिवस वाद्य, बाकी दिवस नुसतं पायाचं काम शिट्टीवर. एवढं लेखी दिलं तर मी विरोध काढतो. तोंडी चालणार नाही, मागं पण तोंडीच होतं.

पूर्वभागकर

लेखी देतो. नवीन पोरांना तसंही पहिले दोन महिने वाद्य लागत नाही, शिट्टीवरच शिकवतात. शिट्टीचे वार बायकांच्या गाण्यात आणि नाटकवाल्यांत वाटता येतील. आयोगाच्या परीक्षेआधीचा महिना पूर्ण बंद ठेवायला पण मंडळ तयार आहे, मी विचारलंय. पण त्याच्या पलीकडं मागं सरणार नाही, सकाळी सहा ते रात्री अकरा असा ठराव झाला तर मी त्याच्या विरोधात बोलणार.

रविवारी सकाळी दहाला मारुतीच्या देवळात बैठक आहे. पाणी त्याच दिवशी सोडणार असं ऐकतोय, तसं असेल तर बायका येऊ शकणार नाहीत, मग बैठक संध्याकाळी पाचला घेऊ. बायका नसताना ठराव घ्यायचा नाही.

आयोगाची_पूर्व

मी येणार. सोबत बाकीच्या मुली पण येतील. वाद्याचे तीन दिवस तरी आम्ही कुठं बसायचं याचं उत्तर घेऊन या, बालवाडी सोडून.

हलगी_घुमते

वडील येतो म्हणालेत. मानधनाचं बैठकीत सगळ्यांसमोर बोला, नंतर कोपऱ्यात नेऊन नको.