‘नोंदणी करा’ की ‘खातं उघडा’?

प्रश्न: एका अ‍ॅपचा मराठी मजकूर लिहितोय. लोक येतात, हिंडतात आणि खातं न उघडताच निघून जातात. बटणावर ‘नोंदणी करा’ आहे, त्याऐवजी ‘सदस्य व्हा’ कसं वाटेल?

उत्तर: ‘सदस्य’ म्हटलं की मागोमाग वर्गणी येते. फुकट असलं तरी वाचणारा आधी खिसा चाचपतो. ‘नोंदणी’ला अर्जाचा वास आहे, विवाहाला, दस्ताला शोभते. ‘खातं उघडा’ बरं. ‘खाते तयार करा’ चूक नाही, पण बोलताना आपण खातं उघडतोच.

उत्तर: ‘खातं उघडा’ वाचून बँक आठवते, तरी माझंही मत त्यालाच. पण नुसता शब्द बदलून फार फरक पडेल असं वाटत नाही. बटणाच्या वर काय लिहिलंय? ‘सर्व सुविधांचा लाभ घेण्यासाठी’ असेल तर ते आधी काढा. कुठल्या सुविधा? अ‍ॅप वापरणाऱ्याने आत्ताच एक यादी केली असेल तर ‘ही यादी दुसऱ्या फोनवरही दिसावी म्हणून खातं उघडा’ असं लिहा. आणि हे यादी झाल्यावर विचारा, दारातच नको. वेबसाइट वापरायला सोप्या कशा होतील याचा अभ्यास करणारे जेरेड स्पूल यांनी २००९ मध्ये एका खरेदीच्या साइटची हकिगत लिहिली होती. पैसे भरण्याआधी तिथे ‘नोंदणी करा’ असं बटण आडवं यायचं. ते काढून ‘पुढे जा’ ठेवलं आणि खरेदीसाठी खातं लागत नाही असं स्पष्ट लिहिलं. खरेदी पूर्ण करणारे ४५ टक्क्यांनी वाढले.

प्रश्नकर्ता: म्हणजे खातं ऐच्छिक आहे हेच सांगायचं! आणि ‘साइन इन’ला?

उत्तर: ‘लॉग इन’ ठेवा. ‘साइन अप’ आणि ‘साइन इन’ शेजारी ठेवले की घाईत एकसारखेच दिसतात. ‘प्रवेश करा’ तर दोन्हींना लागू पडतं, म्हणून निरुपयोगी. नकाराच्या बटणावर साधं ‘आत्ता नको’ पुरे. ‘नको, मला फायदा नकोच’ असले टोमणे कृपया नकोत.

उत्तर: एक राहिलं. खातं उघडता येत असेल तर ते काढून टाकण्याची सोयही अ‍ॅपमध्येच हवी, असा अ‍ॅपलचा नियम ३० जून २०२२ पासून लागू आहे. तिथे ‘खातं बंद करा’ लिहू नका; बंद केलेलं पुन्हा सुरू होईल असं वाटतं. ‘खातं कायमचं काढून टाका’ लिहा.