सातवीच्या मुलांना भाऊ दाजी लाड संग्रहालयात न्यायचंय, काय दाखवू?

खडूवाल्याबाई
नमस्कार. मी परळच्या एका शाळेत सातवीला इतिहास शिकवते. पुढच्या महिन्यात ३८ मुलांना राणीच्या बागेतल्या संग्रहालयात न्यायचंय. शाळेने विषय दिलाय, 'आपलं शहर : काल आणि उद्या'. काल भरपूर आहे. १८७२ साली उघडलेली वास्तू, मुंबईचे जुने नकाशे, मातीच्या त्या छोट्या बाहुल्या. पण 'उद्या' कुठून आणू?

गेल्या वर्षीची सहल अजून सलते. मुलांनी वह्या काढल्या, पाट्यांवरचा मजकूर उतरवला आणि वस्तूंकडे कुणी धड पाहिलंच नाही. दहा मुद्दे लिहून आणा असं मीच सांगितलं होतं. यंदा तसं व्हायला नको.

माझगावकर
बाई, वह्या शाळेतच ठेवा. आणि आत शिरायची घाई करू नका, आधी बाहेरच्या दगडी हत्तीपाशी थांबा. हा घारापुरीचा हत्ती. याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा नाव दिलं. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला न्यायला उचलताना तो फुटला. तुकडे इथे आले आणि १९१४ मध्ये जोडून उभे केले. मुलांना त्याचे सांधे शोधायला लावा. माझा नातू पाऊण तास त्याच्याभोवती फिरत होता.

जवळच 'काळा घोडा' म्हणून ओळखला जाणारा, राजा सातव्या एडवर्डचा पुतळाही आहे, १९६५ साली इथे हलवलेला. ज्या चौकाला त्याचं नाव पडलं, तिथून तो गेला आणि नाव मागे राहिलं. मुलांना हे फार आवडतं.

गटारखातं
मी २२ वर्षं पावसाळी पाण्याच्या निचऱ्याच्या कामात आहे. तुमचा 'उद्या' त्या जुन्या नकाशांतच आहे. कुलाबा, छोटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम ही सात बेटं मुलांना पाठ असतात. त्यांच्यामधलं पाणी कुणी दाखवत नाही. उमरखाडी नावातच खाडी आहे. पायधुनीला लोक पाणी ओलांडून आले की पाय धुवायचे, असं सांगतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस हॉर्नबी वेलार्डचा बांध घालून वरळीची खाडी अडवली आणि मागची सखल जमीन हळूहळू वस्तीखाली आली.

आता परळजवळचं हिंदमाता घ्या, दर पावसाळ्यात तुंबणारं. तो भाग बशीसारखा आहे. मोठ्या भरतीत समुद्राची पातळी चढते, नाल्यांचं पाणी बाहेर पडू शकत नाही आणि वरून पाऊस असतोच. म्हणून तर प्रमोद महाजन उद्यान आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली मोठ्या टाक्या बांधल्या. भरती ओसरेपर्यंत पाणी तिथे साठवायचं, मग सोडायचं. परळच्या मुलांना याहून जवळचा 'उद्या' सापडणार नाही. समुद्र वर चढतोय, तेव्हा हे काम त्यांच्या पिढीला पुढे न्यावंच लागणार आहे.

भायखळ्याची
बुधवारी जाऊ नका, बंद असतं.

खडूवाल्याबाई
सगळ्यांचे मनापासून आभार. काल जाऊन आलो. वह्या नेल्या नाहीत. हत्तीपाशीच अर्धा तास गेला; मातीच्या बाहुल्या घाईत झाल्या, त्याची हळहळ वाटते.

आज वर्गात सात बेटांच्या नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून प्रत्येकाने आपलं घर शोधलं. नऊ जणांची घरं पाण्यात आली. वर्ग एकदम शांत झाला. मग गटारखातंदादांनी सांगितलेल्या टाक्यांचं समजावलं आणि ५० वर्षांनंतरचा नकाशा काढायला दिला. सहसा तोंड न उघडणाऱ्या एका मुलीने मैदानाखालची टाकी निळ्या खडूने गच्च रंगवली. शेजारी तिच्या चाळीचा जिना काढला आणि तिसऱ्या पायरीवर रेघ मारून लिहिलं, 'यंदाचं पाणी इथपर्यंत.'