उबर करंडक थॉमसपासून वेगळा करावा का?

ड्रॉपशॉट
टॅक्सीवाल्या उबरचा इथे काही संबंध नाही, आधीच सांगतो. बेटी उबर या इंग्लिश खेळाडूच्या नावाने चालणारी महिला बॅडमिंटनची ही जागतिक सांघिक स्पर्धा. पुरुषांचा पहिला थॉमस करंडक १९४९ साली, बायकांचा पहिला उबर १९५७ साली. इंग्लंडमधल्या लिथम सेंट ॲन्सला अमेरिकेने डेन्मार्कला ६-१ हरवलं. तेव्हापासून १९८१ पर्यंत ही स्पर्धा दर तीन वर्षांनी स्वतंत्रपणे व्हायची. १९८४ला ती थॉमसच्या दावणीला बांधली आणि तिथेच तिची ओळख गेली, असं माझं मत.

पुरावा देतो. मे २०२२, बँकॉक. आपल्या पुरुषांनी थॉमस जिंकला, आपण सगळे नाचलो. त्याच्या आदल्याच दिवशी त्याच शहरात उबरची फायनल होती. कोरिया-चीन २-२, शेवटची एकेरी. कोरियाची सिम यू-जिन पहिला गेम २८-२६ने घेते, दुसरा सोडते, तिसऱ्यात वांग झीयीला ८ गुणांवर गुंडाळते. खरं सांगा, किती जणांनी बघितली?

नेटजवळची
मी बघितली. आणि थॉमससाठी लावलेला चॅनेल चालू होता म्हणूनच बघितली! वेगळी स्पर्धा ठेवली असती तर कॅमेरे कोण आणणार होतं? रिकाम्या गॅलरीसमोरची स्वतंत्र ओळख घेऊन करायचं काय?

शिवाय १९८४ला फक्त जागा बदलली नाही, लढतीची रचनाही बदलली. आधी सात सामने असत, तीन एकेरी आणि चार दुहेरी. मग पाच झाले, तीन एकेरी आणि दोन दुहेरी. ज्या देशाकडे दोन उत्तम एकेरीपटू आहेत पण दुहेरीची फळी नाही, त्याला यामुळे दार उघडलं. म्हणजे आपल्यालाच. २०१४ आणि २०१६ची कांस्यपदकं सात सामन्यांच्या काळात मिळाली असती का?

ड्रॉपशॉट
२०१४चं नाव काढलंत म्हणून. दिल्लीत उपांत्य फेरीत जपानविरुद्ध सायना जिंकली, सिंधू जिंकली, २-० झालं. मग दुहेरीत ज्वाला-अश्विनी हरल्या, तिसरी एकेरी गेली आणि निर्णायक दुहेरीला कोण उतरलं? पुन्हा सायना आणि सिंधूच. समोर जपानची मुरलेली जोडी. दार उघडलं म्हणता, पण आत जायला माणसं नव्हती त्याचं काय?

नेटजवळची
तो आपल्या तयारीचा दोष, स्पर्धेचा नव्हे. गल्लत करू नका.

जुना_फेदर
दोघांचंही चुकतंय. १९८४ची खरी बातमी थॉमस नव्हे, चीन. त्याच वर्षी चीन पहिल्यांदा उबरमध्ये उतरला आणि लागोपाठ पाच वेळा जिंकला. १९८४ ते २०२४ या २१ स्पर्धांपैकी १६ एकट्या चीनच्या. सुरुवातीपासून आजवर करंडक उचललेले देश पाचच : अमेरिका, जपान, इंडोनेशिया, चीन, कोरिया. याला वाढ म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

हाफस्मॅश
फक्त विजेते मोजून वाढ कळत नाही हो काका. २००० साली डेन्मार्क फायनलला, २००६ला नेदरलँड्स. आणि गोष्टी बघा ना. १९९४, जकार्ता, इंडोनेशिया-चीन २-२. निर्णायक एकेरीला इंडोनेशियाने १४ वर्षांची मिया ऑडिना उतरवली. तिने झांग निंगला हरवून करंडक आणला. पुढे मिया लग्नानंतर नेदरलँड्सकडून खेळायला लागली आणि २००४च्या अथेन्स ऑलिंपिकच्या फायनलमध्ये समोर तीच झांग निंग. यावेळी सुवर्ण झांगचं. दहा वर्षांची उधारी! हे असं काही दिलं म्हणून मला ही स्पर्धा आवडते, तक्ता बघून नाही.

जुना_फेदर
गोष्ट झकास आहे, पण ती मियाची. डच संघाची फायनल पुन्हा कधी झाली?

नेटजवळची
स्त्री-पुरुष बरोबरीचंच बोलायचं तर मला २००६ जास्त महत्त्वाचं वाटतं. तोवर महिला एकेरीचा गेम ११ गुणांचा आणि पुरुषांचा १५चा असायचा. मग सगळ्यांना सरसकट २१ झाले. वेगळ्या शहरात स्पर्धा भरवून मिळाला नसता तो मान तिथे मिळाला.

ड्रॉपशॉट
हे मात्र मान्य. जुन्या ११ गुणांच्या सामन्यांची चित्रफीत बघताना चहा गाळेपर्यंत गेम संपलेला असतो, आणि आता तीच मंडळी सव्वा सव्वा तास झुंजताना दिसतात.

ठीक, वेगळी स्पर्धा हा हट्ट सोडतो. पण बँकॉकसारखं शनिवारी उबर आणि रविवारी थॉमस असंच का? एका वेळी उलटं करून बघा. शेवटचा दिवस बायकांना द्या.

नेटजवळची
याला माझा पाठिंबा. पण चॅनेलवाले ऐकतील का?

जुना_फेदर
चीन ३-०ने तासा-दोन तासांत उरकेल आणि रविवारची तिकिटं काढलेले लोक आयोजकांना शिव्या देतील. मग या धाग्यावर, बोलू.