संडास तुंबला तेव्हा: इंदूरकरांचे अनुभव

जेवताना वाचू नका, एवढं आधीच सांगते. महालक्ष्म्यांच्या दिवशी आमच्याकडे २५ पानं होती. पहिली पंगत उठते न उठते तोच भाचा कानाशी येऊन म्हणाला, "मामी, पाणी वर येतंय." मी घाईघाईने अर्धी बाटली ॲसिड ओतलं. पाणी जागचं हललं नाही, वर ठसका लागला तो वेगळाच. शेवटी शेजारच्या काकांनी मागच्या अंगणातल्या चेंबरचं, म्हणजे संडासाची नळी जिथे उघडते त्या खड्ड्याचं, झाकण पहारीने उचकटलं. आत कोरडं ठणठणीत! म्हणजे पुढची लाइन मोकळी होती, जे काही होतं ते भांडं आणि चेंबर यांच्यामधे अडकलेलं. काकांनी बेताचं पाणी ठेवून रबरी पंप टेकवला, हळू दाबला आणि जोरात वर ओढला. दहाएक वेळा. ढकलण्यापेक्षा ओढण्यानेच काम होतं म्हणाले. आणि खरंच, एक मोठा हातरुमाल वर आला. कुणाचा, ते अजून कुणी कबूल केलेलं नाही.

तेव्हापासून कुणी ॲसिडची बाटली शोधू लागलं की मी विचारते, आधी चेंबर पाहिलं का? तुमच्याकडे काय झालं, कसं सुटलं, लिहा. फसलेले इलाजसुद्धा चालतील.

राजेंद्र नगर, तळमजला

आमच्याकडे उलट. आमचे नळ बंद, फ्लश बंद, तरी न्हाणीच्या जाळीतून साबणाचा फेस वर! वरच्या मजल्यावर कपड्यांचं मशीन चालू होतं. एकच संडास भरला तर दोष त्या भांड्याशी. पण जाळी, बेसिन, संडास सगळीकडूनच पाणी उलटायला लागलं तर लाइन पुढे चोक आहे. आमचं चेंबर काठोकाठ भरलेलं निघालं. स्प्रिंगची वायर घातली तर बाहेर काय यावं? डायपर आणि पॅड. हे पाणी पिऊन फुगतात, विरघळत नाहीत. २०१७ पासून सलग सात वर्षं स्वच्छतेत पहिलं आलेलं आपलं शहर, कचरागाडीला या कचऱ्याचा वेगळा डबा आहे, आणि आमच्या बिल्डिंगवाल्यांना तो दिसत नाही! खर्च कुणी द्यायचा यावर दोन मीटिंगा झाल्या. फाटकाच्या आतली लाइन आपली, बाहेरची निगमची, म्हणजे महापालिकेची. बाहेरची असेल तर निगमच्या ३११ ॲपवर तक्रार टाका.

सुदामा नगर

आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड. जलूदहून ७० किलोमीटर पंपांनी चढवून आणलेलं पाणी संडासात घालवायचं नाही, असं आजीचं ठाम मत. त्यामुळे प्रत्येकाला दोन तांबे. दर महिन्याला तुंबायचं, मिस्त्री यायचा, पैसे घेऊन जायचा. एकदा त्यालाच दया आली. म्हणाला, "माताजी, लोटे से नहीं, बाल्टी से डालो, एक झटके में." भांड्याखालच्या वाकड्या नळीत पाणी कायम असतं, तेच वास अडवतं. बारीक धार त्या वळणावरून नुसती सरकून जाते, घाण मागेच राहते. एकदम लोंढा आला तरच सगळं ओढून नेतो. आता कपड्यांचं शेवटचं पाणी बादलीत साठवतो आणि कमरेएवढ्या उंचीवरून ओततो. आजी खूश, कारण पाणी नवं नाही. मात्र भांडं आधीच काठाला आलं असेल तर हे करू नका, फ्लशही दाबू नका. आम्ही दोन्ही केलंय.

लोकमान्य नगर

बोरिंगच्या पाण्याने भांड्याच्या कडेखालची भोकं क्षारांनी बुजली होती, फ्लशला जोरच नव्हता. तुंबलंय समजून पंप मारत बसलो. तारेने भोकं टोकरली, संपलं.

रामबाग, जुनं घर

फ्लश केल्यावर न्हाणीत गुडगुड आवाज आणि मग दिवसभर वास. पाणी मात्र नीट जायचं. सगळ्यांनी सेप्टिक टँकवर संशय घेतला. निघालं काय, तर गच्चीवरच्या हवेच्या पाइपाच्या तोंडात कबुतराने काड्या भरलेल्या. वरून हवा मिळाली नाही की वाहतं पाणी न्हाणीच्या जाळीखालचं, वास अडवणारं पाणी ओढून नेतं आणि वासाला वाट मोकळी होते. आता तोंडावर जाळी बांधली आहे. कबूतर नाराज आहे.

निवृत्त रसायन शिक्षिका, वैशाली नगर

कृपा करून संडासाच्या ॲसिडवर ब्लीचिंग पावडर टाकू नका. क्लोरीन वायू निघतो, आणि बंद संडासात तो छातीत बसतो. ॲसिडने कापड, प्लास्टिक, केस यातलं काही हलत नाही. ओतून झालं असेल तर मिस्त्रीला आधी सांगा, पंप मारताना तेच त्याच्या डोळ्यांत उडतं.

राऊच्या पुढे

आमच्या कॉलनीत ड्रेनेज नाही, 'सेफ्टी टँक' आहे (सगळे तेच म्हणतात). भरला की घरातले सगळे संडास एकदम सुस्तावतात. एकाने स्वस्तात आत उतरून साफ करतो म्हटलं, वडील तयारही झाले. मी अडवलं. आतल्या वायूने माणूस दोन श्वासांत पडतो, आणि २०१३ च्या कायद्याने असं विनासाधन उतरवणं गुन्हाच आहे. मशीनची गाडी बोलावली, पाइप सोडून तासाभरात उपसा झाला. वडिलांना गाडीचा आकडा अजून खुपतो.

विजय नगर

मामी, रुमाल माझाच होता.