गणपतीची रजा फक्त साहेबांच्या माणसालाच का?

लोटे_बी_शिफ्ट:
लोटे एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत क्यूसीला (मालाची गुणवत्ता तपासायच्या लॅबला) आहे, सहा वर्षं झाली. आमच्या लॅबमध्ये रजेचा चार्ट भिंतीवर लागतो, गणपतीच्या महिनाभर आधी ज्याने त्याने पेन्सिलीने नाव टाकायचं मग साहेब पेनने फायनल करतात. २०२५ ला २७ ऑगस्टला गणपती होते, वडिलांचं ऑपरेशन झालेलं म्हणून पूजेला मीच बसणार होतो, हे जूनपासून सांगून ठेवलेलं. एक दिवस सकाळी बघतो तर माझं नाव खोडरबरने पुसून वर निळ्या पेनने दुसऱ्याचं. हा दुसरा म्हणजे साहेबांना रोज परशुराम घाट उतरून चिपळूणला सोडणारा, मे महिन्यात हापूसची पेटी आणि सीझन सुरू झाला की सुरमई. याचे रिझल्ट गंडले की रात्रपाळीत जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफ, सॅम्पल तपासायचं मशीन) परत सॅम्पल लावायचं आम्ही, आणि रजिस्टरला सही त्याची! साहेबांना विचारलं तर म्हणे तू जबाबदार माणूस आहेस म्हणून तुला ठेवला. (इन्क्रिमेंटला हा जबाबदार माणूस कुठे जातो देव जाणे.) पूजेला शेवटी चुलत भाऊ बसला. यंदा १४ सप्टेंबरला गणपती, चार्ट लागेलच आता. घराचा हप्ता चालू आहे, नोकरी सोडू शकत नाही. काय करू?

मालवणी_खाजा:
अरे मेल्या, सायबाक आंबे पोचवणारो सगळीकडे असता. आमच्या हय तर सायबाच्या पोराच्या बारशाक अर्धी शिफ्ट गेली होती 😂

जुना_युनियनवाला:
हसण्यावारी नेऊ नका. महाराष्ट्रात १९७१ चा अनुचित कामगार प्रथांचा कायदा आहे, त्याच्या चौथ्या अनुसूचीत गुणवत्ता न बघता काही कामगारांना झुकतं माप देणं हे सरळ लिहिलेलं आहे. तक्रार औद्योगिक न्यायालयात जाते, ९० दिवसांच्या आत करायची, म्हणजे गेल्या गणपतीचं आता विसर. आणि खरं सांगू का, एकट्याने एका लाडक्याविरुद्ध गेलास तर टिकवणं कठीण, लॅबमधले अजून दोघं-तिघं सोबत घे. ऑफिसर वगैरे हुद्दा असला तरी घाबरू नको, प्रत्यक्ष काम काय करतोस ते बघतात. पण कोर्ट नंतर. आधी रजेचा अर्ज मेलवर टाक, चार्टवर नको. कामगाराने रीतसर अर्ज करून नाकारलेली रजा पुढच्या वर्षात जोडून मिळते, साठवायच्या रजेची ३० दिवसांची मर्यादा तिला लागत नाही. पेन्सिलीतलं नाव म्हणजे अर्ज नव्हे रे बाबा.

सावर्डे_लॅब:
रजेपेक्षा मला ती सही खटकली. टेस्ट तू केलीस आणि सही त्याची हे आजपासून बंद कर, उद्या पार्टीकडून माल परत आला किंवा ऑडिटर बसला तर जीसीवर लॉगिन कोणाचं आणि वेळ काय ते निघतंच, आणि तेव्हा साहेब तुझ्या बाजूने उभे राहतील असं वाटतं का तुला?

लोटे_बी_शिफ्ट:
लॉगिन माझंच असतं. हे डोक्यातच आलं नव्हतं. मेल आजच टाकतो, दोघं तयार आहेत, तिसरा बायकोला विचारून सांगतो म्हणाला. आणि हो, चार्टचा फोटो सापडला, आईला तारखा कळवायला व्हॉट्सअपवर पाठवलेला, त्यात पेन्सिलीतलं माझं नाव आहे.